रोजा मामूंचा, उपास आमचा

उपासाच्या बाबतीत मराठी माणसाला कुणी काही शिकवायला जाऊ नये. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, शनिवार, शिवरात्र, नवरात्र, शिवाय घरच्यांनी धरलेले गुरुवार आणि त्यामुळे आपल्यालाही घडलेले गुरुवार. उपास म्हणजे न खाण्याचा दिवस, असं आपल्याकडे कुणीच मानत नाही. तो वेगळं खाण्याचा दिवस. साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची, बाजूला रताळ्याचा कीस. गंमत अशी, की साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि मिरची हे सगळंच अमेरिका खंडातून गेल्या चारपाचशे वर्षांत आपल्याकडे आलं. त्याआधी आपले पूर्वज एकादशीला काय खात असतील, या विचारानं मला त्यांची काळजी वाटते. बिचारे कदाचित खरोखरच उपाशी राहत असतील.

तर अशा उपासतज्ज्ञ समाजाची आणि रमजानच्या रोज्याची दरवर्षी गाठ पडते, ती बहुधा ऑफिसात. आणि गाठ पडली की तज्ज्ञाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा: ‘‘पाणीपण नाही?’’

आमचा कारखाना टॉवेलचा. सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. खाली यंत्रमाग खडखडतात, वर ऑफिस. इथं एखादं वाक्य मराठीत सुरू होतं, मध्येच तेलुगूत वळतं, कन्नडमध्ये रागावतं आणि दखनीत संपतं, आणि कुणालाही त्यात काही विशेष वाटत नाही. मागांवर देखरेख करणारे जॉबर पद्मशाली, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पॅकिंगला लिंगायत अप्पा. हिशेबाला ताई. आणि स्टोअर सांभाळणारे मामू. मामूंचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण ते वाचायची वेळ फक्त बँकेवर येते.

‘‘पाणीपण नाही?’’ हा प्रश्न मामूंना नोकरीला लागल्यापासून दरवर्षी, त्याच माणसांकडून, त्याच आश्चर्यानं विचारला जातो. त्यामागे खरी माया असते, म्हणून मामू दरवर्षी तितक्याच मायेनं उत्तर देतात, ‘‘हौ. पानी बी नक्को.’’ मग पुढचे प्रश्न येतात. थुंकी गिळली तर चालते का? चुकून खाल्लं तर? दात घासायचे का? यानं वजन उतरतं का? शेवटच्या प्रश्नावर मात्र मामू खिन्न होतात. घरी रोज संध्याकाळी जे तळलं जातं, ते पाहता रमजाननंतर त्यांच्या पँटचा हुक लागत नाही, असं ते सांगतात.

एकट्या ताई तो पाण्याचा प्रश्न कधी विचारत नाहीत. त्या हरतालिकेला निर्जळी करतात. पहिल्या रोज्याला त्या मामूंच्या टेबलापाशी थांबतात, ‘‘डोकं दुखतंय का?’’ एवढंच विचारतात आणि जातात. एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, ‘‘आम्ही एक दिवस करतो आणि आठवडाभर सांगत फिरतो. हे महिनाभर करतात आणि आपणच त्यांना बोलायला लावतो.’’ त्यांच्या या वाक्यानंतर टेबलावर शेंगाचटणीचा डबा काही वेळ तसाच पडून राहिला, आणि सोलापुरात तसं सहसा घडत नाही.

डोकेदुखीचं निदानही त्यांचंच. पहिले तीन-चार दिवस अवघड जातात ते भुकेनं नव्हे, चहानं. ज्या माणसाला सकाळी सात, साडेनऊ, साडेअकरा अशी चहाची सवय आहे, त्याच्या मेंदूला रमजान लागल्याचं कुणी आधी कळवलेलं नसतं. खाली मागांवर तर चहापेक्षा तंबाखू कठीण. चुन्याची डबी खिशात असते, बोट सवयीनं तिकडं जातं आणि परत येतं. अशा दिवशी सकाळी साडेअकराला ‘‘मामू, त्या सुताच्या गाठींचा हिशेब जुळत नाही हो’’ म्हणून जाणारा माणूस एक तर नवा असतो किंवा धाडसी. जुने लोक असले विषय सकाळी आल्या आल्या काढतात. पहाटे सहरी खाऊन आलेला माणूस नऊ वाजता ताजा असतो, चारला नसतो. जड उचलाउचल, मोजदाद, भांडणं हे सगळं सकाळी उरकायचं आणि दुपारी सह्या करायच्या, हा आमच्या ऑफिसचा अलिखित नियम. आता खरं सांगायचं तर दुपारी चारला बिनरोज्याचेही आम्ही सह्यांच्याच कामाचे असतो.

सहरीवरून आठवलं. पहाटे साडेतीनला उठून स्वयंपाक करायचा याचं बाहेरगावच्या लोकांना फार अप्रूप वाटतं. सोलापूरकराला नाही. इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि येतं तेव्हा ते आपली वेळ बघून येत नाही. पहाटे तीनला दिवा लागलेलं घर सोलापुरात दिसलं, तर ते रोजेदाराचं असेल किंवा नळाला पाणी आलेल्याचं. काही गल्ल्यांत दोघांचीही वेळ एकच होते, तेव्हा मामूंच्या घरून शेजाऱ्यांना हाक जाते, ‘‘उठो, आया पानी!’’ सलोखा वगैरे मोठे शब्द त्या वेळेला कुणाला सुचत नाहीत. मोटर लावायची घाई असते.

मध्यंतरी आमच्याकडे पुण्याहून एक एचआरचे साहेब आले. तरुण, सज्जन, आणि सज्जन माणसाला असतो तसा परिपत्रकाचा नाद. रमजान लागायच्या आदल्या दिवशी त्यांचा ईमेल आला: सहकाऱ्यांच्या भावनांचा आदर म्हणून या महिन्यात कुणी टेबलावर खाऊ नये, उघड्यावर पाणी पिऊ नये, चहाची गाडी वरच्या मजल्यावर आणू नये. भाषा फार सुंदर होती. परिणाम असा झाला, की रोजा मामूंचा आणि उपास सगळ्या ऑफिसचा.

माणूस फार काळ उपाशी राहत नाही, जागा शोधतो. तिसऱ्या दिवसापासून टॉवेलच्या निर्यातीच्या गाठी जिथं रचून ठेवतात, त्या थप्पीच्या मागं जेवणाचे डबे उघडू लागले. अंधार, चाळीस अंशांकडे झुकलेली हवा, टेरीचा कापूस नाकात, आणि कडक भाकरीचा आवाज होऊ नये म्हणून ती आमटीत बुडवून खाणारे अप्पा. कडक भाकरीचा असा अपमान आमच्या जिल्ह्यात पूर्वी कधी झाला नसावा. त्याच अंधारात एके दुपारी आम्हाला आणखी एक जण भेटला. डिस्पॅचचा पोरगा, मामूंच्याच मोहल्ल्यातला. हातात बिस्किटाचा पुडा आणि गोळ्यांची पट्टी. पोटाचं दुखणं, डॉक्टरनं रोजा मना केलेला. तो आम्हाला बघून दचकला, आम्ही त्याला बघून. आम्ही त्याच्या भावना दुखावू नयेत म्हणून लपलो होतो आणि तो आमच्या प्रश्नांपासून लपला होता. अप्पांनी काही न बोलता त्याच्यापुढं भाकरी सरकवली.

या प्रसंगाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण परिपत्रकात तो बसत नाही. आजारी माणसाला, प्रवासात असलेल्याला, गरोदर बाईला रोज्यातून सूट आहे. नंतर भरून काढता येतो. बायकांना महिन्यातले काही दिवस रोजा नसतोच. आणि एखाद्याला नुसताच करायचा नसतो, तेही जगात असतंच. आपल्याकडे काय सगळेच एकादशी करतात? तरी ‘‘काय, आज रोजा नाही वाटतं?’’ हे वाक्य ऑफिसात इतक्या मोकळेपणानं विचारलं जातं, की ऐकणाऱ्याला आपल्या पोटाचा रिपोर्ट किंवा त्याहून खासगी काही सांगावं लागतं, नाहीतर खोटं बोलावं लागतं. पूर्वीच्या काळी बाजूला बसणाऱ्या बाईला ‘‘आज देवाला हात का नाही लावला?’’ असं कुणी चारचौघांत विचारायचं नाही. न विचारण्याची ही कला आपल्याला येते. ऑफिसात येताना आपण ती घरी का विसरतो, कळत नाही.

पुढे गाठींमागचा हा भोजनसमारंभ मामूंना कळला. स्टोअर त्यांचंच, कळणारच. ते थप्पीच्या टोकाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘रोजा मेरा हय ना? फिर तुम कायकू चोरां सरिका खारे?’’ मग साहेबांकडे जाऊन त्यांनी ते परिपत्रक मागं घ्यायला लावलं. कारण त्यांनी दिलं ते असं: निर्यातीच्या मालाला शेंगाचटणीचा वास लागला तर गिऱ्हाईक परत पाठवील, आणि मग सही स्टोअरची असते.

साहेबांना वाईट वाटलं, पण हार मानणारे ते नव्हेत. त्यांनी इफ्तार ठरवला. मोठा फलक, त्यावर चंद्रकोर, मिनार आणि कंपनीचं बोधचिन्ह. केळी, कलिंगड, खजूर, भजी, सरबत, सगळं मांडून साडेसहापासून सारे बसले. आता अशा वेळी रोजेदार शांत असतो, कारण त्याला सराव असतो. खरा कस लागतो तो दुपारी दीडला पोटभर जेवलेल्यांचा. समोर खजूर ठेवून दहा मिनिटं बसायचं, हे आमच्या अप्पांना जमेना. त्यांनी खजुराच्या दिशेनं हात नेला, मामूंनी पाहिलं, हात मिशीवर गेला. तेवढ्यात जवळच्या मशिदीतून अजान झाली आणि साहेब फोन बघून म्हणाले, ‘‘थांबा थांबा, अजून आठ मिनिटं आहेत.’’

त्यांचा फोन पुण्यातच राहिला होता. म्हणजे ॲपमध्ये गाव पुणे. सूर्य पूर्वेकडून येतो, त्यामुळे तो सोलापुरात पुण्याच्या आठेक मिनिटं आधी मावळतो आणि मुंबईच्या बारा मिनिटं आधी. घड्याळ सगळ्या देशाचं एक, सूर्य ज्याचा त्याचा. विजापूर वेशीच्या बाजूला दुकानांतून वाटतात त्या छापील वेळापत्रकात हा फरक मिनिटामिनिटाला धरलेला असतो. वरच्या अंगाला चष्म्याच्या दुकानाची जाहिरात, खालच्या अंगाला गाद्यांची, आणि मध्ये तीस दिवसांच्या सहरी-इफ्तारच्या वेळा. मामूंच्या कपाटाच्या दारावर ते चिकटवलेलं असतं. साहेबांनी ते वाचलं असतं तर ॲप लागलं नसतं. असो. खजूर तोंडात गेले. मामू आणि खालचे विणकर मगरिबच्या नमाजाला गेले, आणि दहा मिनिटांनी परत येईपर्यंत टेबलावर कलिंगडाच्या साली होत्या. फोटो मात्र छान आले.

या बारा मिनिटांनी आमच्याकडे इफ्तारपेक्षा मोठं काम केलं. मुंबईच्या ऑफिसची व्हिडिओ मीटिंग रोज साडेसहाला असायची. मार्चच्या मध्यावर सोलापुरात सूर्य सहा छत्तीस-सदतीसला मावळतो. म्हणजे ‘‘मामू, सुताचा साठा सांगा’’ या प्रश्नाची वेळ आणि तेरा तास कोरड्या पडलेल्या घशाची वेळ एकच. मुंबईवाले वाईट नाहीत. त्यांच्या खिडकीत तेव्हा ऊन असतं. त्यांना वाटायचं, अजून वेळ आहे. शेवटी ताईंनी एक दिवस मीटिंगमध्ये, मामूंचं नावही न घेता, सांगितलं, ‘‘सर, साठ्याचा विषय पहिला घ्या किंवा मीटिंग साडेपाचला घ्या.’’ मीटिंग साडेपाचला आली. महिना संपल्यावरही ती साडेपाचलाच राहिली, कारण सगळ्यांनाच लवकर घरी जाता यायला लागलं. साहेबांच्या परिपत्रकांपेक्षा ताईंचं हे एक वाक्य मला मोलाचं वाटतं, आणि ते कुठंही छापलेलं नाही.

सोलापुरात सलोख्याचं भाषण करायला फारसा अभ्यास लागत नाही. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही चार नावं घेतली की भाषण आपोआप उभं राहतं. नावं मोठीच आहेत. पण त्यांच्या पुण्याईवर आपण फार टाळ्या घेतो असं मला वाटतं, आणि खाली मागांवर जे चालतं तिकडं भाषणवाल्यांचं लक्ष जात नाही.

यंत्रमागावरच्या कामगाराला पगार नगावर. माग चालला तर पैसे. धागा तुटून माग उभा राहिला की तेवढा वेळ मजुरीही उभी. म्हणजे रोजा सोडायला आणि नमाजाला वीस मिनिटं गेली, तर ती वीस मिनिटं विणकराच्या खिशातून जातात. त्यावर परिपत्रक काढून काही होत नाही. आमच्याकडे होतं ते असं, की सहा पस्तीसला अण्णा मागांच्या मधून एक चक्कर मारतात आणि मान हलवतात. शेजारचे पद्मशाली विणकर आपल्या मागांबरोबर रोजेदाराचेही माग बघू लागतात. टॉवेल निघतात ते रोजेदाराच्या नावावर. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा हे सगळे मिरवणुकीत असतात, आणि त्या दिवशी माग कोण बघतं ते वेगळं सांगायला नको. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली, की अप्पा पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाला खांदा द्यायला जातात आणि पॅकिंगच्या स्लिपा मामू फाडतात. कुणी कुणाला आधार देतंय असं यात कुणालाच वाटत नाही. वाटीभर साखरेची उसनवारी असते, तशी ही वेळेची उसनवारी. वाटी रिकामी परत द्यायची नाही, एवढंच पथ्य.

2025 साली तेलंगणा सरकारनं रमजानमध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांना चार वाजता घरी जायची मुभा दिली, तेव्हा टीव्हीवर मोठा वाद झाला. अण्णांचे सगळे पाहुणे तिकडचे, म्हणून आम्ही त्यांचं मत विचारलं. ते म्हणाले, सरकारी कचेरीत चारनंतर कोण सापडतं ते आधी सांगा. मला स्वतःला असा हुकूम असण्यात काही गैर वाटत नाही. नगावर मजुरी घेणाऱ्याला मात्र तो चारला सोडू शकत नाही, एवढीच त्याची मर्यादा.

वेळेच्या या गणितात आमच्या सगळ्यांपेक्षा शेतकरी पुढं आहे. कलिंगड हे सत्तर-ऐंशी दिवसांचं पीक. रमजानमध्ये त्याला उठाव असतो, म्हणून आमच्या जिल्ह्यातला कलिंगडवाला लागण करायच्या आधी रोजे कधी लागणार ते विचारून घेतो आणि तिथून मागं दिवस मोजतो. पंढरीच्या वारीला चुकत नाही आणि हिजरी महिनेही त्याला पाठ. साहेबांच्या ॲपपेक्षा त्याचा हिशेब पक्का, कारण चुकला तर माल बांधावर टाकावा लागतो.

तसं पाहिलं तर आपले आणि त्यांचे महिने एकाच अमावास्येवर टांगलेले आहेत. आपला पाडवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, त्यांचा महिना चंद्रकोर दिसल्यावर, म्हणजे एखाददुसऱ्या दिवसाच्या अंतरानं. 2021 ला 13 एप्रिलला गुढी उभारली आणि 14 ला पहिला रोजा झाला. 2022 ला 2 आणि 3 एप्रिल. मग 2023 ला अधिक श्रावण आला आणि सगळं एक घर सरकलं: 2025 ला 30 मार्चला पाडवा, 31 ला ईद. एका दिवशी श्रीखंड, दुसऱ्या दिवशी शिरखुर्मा, आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात पोट धरून बसलेले सर्व धर्मांचे लोक. आपण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालून वर्ष ऋतूंबरोबर ठेवतो आणि जावयाला धोंड्याचं वाण देतो. हिजरी वर्षात ती सोय नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2018 ला तो मे-जूनमध्ये होता. त्या वर्षीच्या मागाच्या शेडमधल्या दुपारा मामू अजून विसरलेले नाहीत.  

आता रमजान हिवाळ्याकडे निघाला आहे. 2030 ला तर रमजान जानेवारीतच लागेल, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी पुन्हा एकदा. म्हणजे जानेवारीत गड्डा आणि रोजे एकत्र. अप्पा नंदीध्वजाखाली, मागावरचे निम्मे लोक संध्याकाळी सहाला रोजा सोडायला उठणार, यात्रेत पाळणे लागलेले, आणि पॅकिंगला कुणी नाही. हे कळल्यापासून साहेबांनी संगणकावर एक तक्ता करायला घेतला आहे. त्यात अण्णा, अप्पा, मामू अशी नावं आडवी आहेत, तारखा उभ्या, आणि मधली बहुतेक घरं लाल. परवा त्यांनी तो तक्ता मामूंपुढं धरला आणि विचारलं, यावर उपाय काय?

मामूंनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला. मग आपल्या नावावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘ये काट दो. मय उनतीस में रिटायर.’’